घोडा देऊन काय मिळतं? कॉक्रेन गॅम्बिट आणि आपला डाव



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा दोन-तीन परिचितांनी फोन करून विचारलं, "सर, तुम्ही आयुष्यभर न्याय आणि वेदान्त शिकवलात. आता सत्तरी ओलांडल्यावर बुद्धिबळावर काय बोलणार?" प्रश्न रास्त होता. आम्ही बुद्धिबळाचे मोठे खेळाडू कधीच नव्हतो. अभिजित कुंटे यांच्यासारखा ग्रँडमास्टर ज्या शहराने दिला, सौम्या स्वामिनाथन हिच्यासारखी मुलींची कनिष्ठ जगज्जेती ज्या शहराने दिली, त्या पुण्यात बुद्धिबळाबद्दल बोलायला उभं राहायचं म्हणजे पंढरपुरात अभंगावर निरूपण करण्यासारखं आहे. समोर बसलेल्यांना जास्त कळतं.

तरीही उभे राहिलो, त्याला एक कारण आहे. आमच्या शेजारचा एक मुलगा रविवारी सकाळी आमच्याकडे पट मांडायला येतो. अकरावीत आहे, आणि आमच्यापेक्षा पुष्कळच चांगला खेळतो. मध्यंतरी आम्ही त्याला एक जुनी चाल दाखवली. चौथ्याच खेळीला पांढऱ्याने आपला घोडा सरळ देऊन टाकायचा. त्याने मोबाईल काढला, चाल यंत्राला विचारली आणि म्हणाला, "सर, इंजिन म्हणतं ही चूक आहे. मग ही चाल खेळायचीच कशाला?"

त्या वेळी आम्ही काहीतरी थातूरमातूर उत्तर दिलं. रात्री झोप लागेना. कारण हा प्रश्न एका चालीपुरता नाही. जी गोष्ट पूर्ण खरी नाही हे आपल्याला ठाऊक आहे, ती खेळावी का, शिकावी का, शिकवावी का? आजचं व्याख्यान म्हणजे त्या मुलाला द्यायचं राहिलेलं उत्तर आहे. ते इतिहासातून द्यायचा प्रयत्न करतो.

आधी चाल समजून घेऊ. पट सगळ्यांच्या डोळ्यांसमोर नसेल, म्हणून सावकाश सांगतो. पांढरा राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकतो, काळाही तसंच करतो. पांढरा राजाकडचा घोडा काढून काळ्याच्या प्याद्यावर रोखतो. आता काळ्याने आपलं प्यादं राखावं अशी अपेक्षा असते. तो राखत नाही. तोही आपला घोडा काढून पांढऱ्याच्या प्याद्यावर रोखतो. तू माझं मारलंस तर मी तुझं मारीन, असा हा रोखठोक मामला. अलेक्झांडर पेत्रोव्ह या रशियन खेळाडूच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. तिची व्यवस्थित चिकित्सा यानिश याने १८४२-४३ च्या सुमारास छापलेल्या ग्रंथात केली.

पांढरा प्यादं मारतो. इथे काळ्याने घाई करून लगेच प्यादं मारलं तर फसगत होते. पांढरा वजीर राजासमोर आणतो, काळ्याने घोडा भलतीकडे हलवला की घोड्याने उठता शह बसतो आणि काळ्याचा वजीर जातो. पुण्यातल्या कितीतरी मुलांनी आपला पहिला वजीर असाच गमावला असेल. आम्हीही गमावला. म्हणून जाणता काळा आधी वजिरासमोरचं प्यादं एक घर पुढे टाकून पांढऱ्या घोड्याला हुसकावतो. घोडा मुकाट्याने मागे येतो, मग काळा आपलं प्यादं वसूल करतो, आणि डाव शांतपणे पुढे जातो.

कॉक्रेन गॅम्बिटमध्ये हा घोडा मागे येत नाही. तो पुढे उडी मारतो आणि काळ्या राजाच्या शेजारचं, एफ ७ घरातलं प्यादं खातो. तिथून त्याची नजर वजिरावर आणि हत्तीवर एकदमच पडते, म्हणून काळ्या राजाला स्वतः बाहेर येऊन घोडा मारावाच लागतो. हिशेब मांडा. घोड्याची किंमत साधारण तीन प्याद्यांची धरतात. पांढऱ्याला मिळाली दोन प्यादी. म्हणजे एका प्याद्याची खोट. बदल्यात काय? काळ्याचा किल्लेकोट कायमचा गेला, राजा उघड्यावर आला आणि पटाच्या मध्यावर पांढऱ्याची दोन प्यादी हातात हात घालून उभी राहिली. पुढच्या चालीला पांढरा वजिरासमोरचं प्यादं दोन घरं टाकतो. काळ्याने लोभाने मधलं प्यादं घोड्याने मारलं, तर पांढरा वजीर एच ५ वर येऊन शह देतो. काळ्याने जी ६ वर प्यादं आडवं घातलं की वजीर डी ५ वर सरकून दुसरा शह देतो, आणि घोडा परत मिळतो. असे सापळे यात जागोजाग आहेत.

गॅम्बिट हा शब्द इटालियनमधून आलेला. कुस्तीत पायात पाय घालून पाडणं असा त्याचा अर्थ. रुय लोपेझ या स्पॅनिश धर्मोपदेशकाने १५६१ सालच्या आपल्या ग्रंथात तो बुद्धिबळाला लावला. आपल्याकडच्या तालमीत त्याला सरळ 'टांग' म्हणतील. टांग मारताना स्वतःचा तोल एका पायावर येतो, हे कुठल्याही पैलवानाला विचारा. समोरचा पडला तर ठीक, नाही पडला तर आपण खाली. गॅम्बिटचं सगळं तत्त्वज्ञान या एका पायावर उभं आहे.

आता इतिहासाकडे वळू. जॉन कॉक्रेन हा स्कॉटिश बॅरिस्टर. जन्म १७९८ चा. १८२२ साली त्याने लंडनमध्ये बुद्धिबळावर ग्रंथ छापला आणि पुढे वकिलीसाठी कलकत्त्याला आला. आयुष्याचा मोठा भाग त्याने तिथेच काढला. मधल्या काळात रजेवर लंडनला गेला तेव्हा हॉवर्ड स्टॉन्टन याच्याशी, म्हणजे त्या काळच्या इंग्लंडमधल्या सर्वांत बलाढ्य खेळाडूशी, तो शेकडो डाव खेळला. हल्ला करणं हा त्याचा स्वभाव होता. मोहरं देताना त्याचा हात आखडत नसे.

कलकत्त्यात त्याच्या तोडीचं कोणी नव्हतं. मग १८४८ च्या सुमारास तिथल्या क्लबातल्या एका गृहस्थाच्या कानावर आलं की आडगावी एक ब्राह्मण आहे आणि त्याला बुद्धिबळात कोणी हरवलेलं नाही. हे गृहस्थ स्वतः जाऊन त्याच्याशी खेळले आणि त्याला कलकत्त्याला घेऊन आले. त्याचं नाव महेशचंद्र बॅनर्जी. ही हकीकत १८५० साली स्टॉन्टनच्या 'चेस प्लेयर्स क्रॉनिकल' या मासिकात पत्ररूपाने छापून आली. कॉक्रेनसमोर टिकू शकेल असा इथे हा एकच, असं त्या पत्रात म्हटलं आहे. हे दोघे पुढे कितीतरी वर्षं खेळत राहिले. एफ ७ वरच्या घोडेबळीचा जो डाव आज या गॅम्बिटचा मूळ डाव मानला जातो, तो १८४८ चा, कलकत्त्याचा, आणि समोर बसलेले महेशचंद्र.

इथे थोडं थांबायला हवं. महेशचंद्र ज्या खेळात अजिंक्य होते तो खेळ आणि कॉक्रेनचा खेळ हे एकच नव्हते. आपल्या देशी बुद्धिबळाचे नियम वेगळे. प्रांताप्रांतात फरक होता, पण ठळक गोष्टी सारख्या. प्यादं साधारणपणे एका वेळी एकच घर चालायचं. किल्लेकोट नव्हता; त्याऐवजी शह बसण्यापूर्वी राजाला एकदा घोड्यासारखी उडी घेण्याची मुभा असे. प्यादं शेवटच्या रांगेत पोहोचलं की ते बऱ्याच ठिकाणी ज्या घरात पोहोचलं त्या घरच्या मोहऱ्यात बदलायचं, मनाला येईल त्यात नाही. समोरच्याचा एकटा राजा उरला की बुर्जी झाली, म्हणजे जीत अर्धीच. आणि प्याद्याने मात केली तर तिचा मान सगळ्यांत मोठा. प्यादेमात झालेला माणूस आठ दिवस पारावर यायचा नाही, असं आमचे आजोबा सांगत.

प्यादी एकेक घर चालत असली की डावाची चाल आपोआप संथ होते. पहिल्या दहा चालींत समोरासमोर धडक होतच नाही. दोघेही आपापल्या अर्ध्या पटात मोर्चेबांधणी करतात. अशा खेळात गॅम्बिटला जागाच नाही. टांग मारायला आधी अंगाला अंग भिडावं लागतं! महेशचंद्र नव्या नियमांनी खेळायला लागले तरी हात जुनाच होता. प्यादी एकेक घर सरकवायची, उंट कोपऱ्यातून तिरका लावायचा, मध्य समोरच्याला देऊन टाकायचा आणि मग तो हळूहळू कुरतडायचा. युरोपला हे तेव्हा विचित्र वाटलं. पाऊणशे वर्षांनी, १९२० च्या दशकात, हीच मांडणी तिथे नव्या विचारांची म्हणून गाजली, आणि आज जगभर तिला 'इंडियन डिफेन्स' म्हणतात.

यातली गंमत म्हणा, खंत म्हणा, अशी की ज्याने घोडा दिला त्याचं आडनाव गॅम्बिटला मिळालं. ज्याने तो घेतला आणि पुढे आपल्या पद्धतीने बचाव रचला, त्याच्या बचावाला त्याचं नाव न मिळता देशाचं मिळालं. देशाचं नाव मिळणं हा सन्मानच आहे. पण महेशचंद्रांचं नाव त्यात विरघळून गेलं, हेही तितकंच खरं.

आता तुम्ही म्हणाल, कलकत्त्याचं सांगितलंत, पुण्याचं काय? पुण्याचंही सांगतो. त्यासाठी आणखी चौतीस वर्षं मागे जावं लागेल.

१८१४ साली मुंबईत एक इंग्रजी पुस्तक छापलं गेलं. विषय बुद्धिबळ. कर्ता त्रिवेंगडाचार्य शास्त्री, मूळचे तिरुपतीकडचे. हे पुस्तक म्हणजे त्यांच्याच 'विलासमणिमंजरी' या संस्कृत ग्रंथाचं रूपांतर, आणि तो ग्रंथ दुसऱ्या बाजीरावांच्या आश्रयाने, म्हणजे पुण्याच्या दरबाराशी निगडित राहून, तयार झालेला. त्यात पटावरच्या निवडक अडचणीच्या स्थिती दिल्या आहेत आणि इतक्या चालींत अमुक तऱ्हेने मात करा, असे प्रश्न घातले आहेत. प्याद्याने मात करण्याची हौस त्यातही दिसते. पण आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुस्तकाच्या नावातच आहे. युरोपियन पद्धतीच्या खेळाला जुळवून घेतलेले निबंध, असं शास्त्रीबोवांनी स्वच्छ लिहिलं आहे. पेशवाई अजून चार वर्षं टिकायची होती. शनिवारवाड्यावरचा झेंडा उतरायच्या आधी एका संस्कृत पंडिताने ओळखलं होतं की पटावरचे नियम बदलणार आहेत, आणि आपलं ज्ञान टिकवायचं तर ते नव्या नियमांत बसवून दाखवलं पाहिजे.

आपल्याकडे बुद्धिबळावर लिहिण्याची परंपरा याहून जुनी आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने 'मानसोल्लास' रचला, त्यात राजाच्या करमणुकींमध्ये बुद्धिबळ आहे. सतराव्या शतकात नीलकंठभट्टांनी 'भगवंतभास्कर' लिहिला. हे भट्ट घराणं मूळचं पैठणचं, काशीला जाऊन राहिलेलं. याच ग्रंथातला 'व्यवहारमयूख' पुढे मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांत हिंदू कायद्याचा आधार मानला गेला. आणि त्याच ग्रंथाच्या 'नीतिमयूख' या भागात नीलकंठभट्ट बुद्धिबळ समजावून सांगतात, घोडा पटाच्या चौसष्ट घरांतून कसा फिरवावा हेही सांगतात. वारसाहक्क आणि घोड्याची फेरी एकाच शास्त्र्याने सांगावी, यात त्या काळी कोणाला काही वावगं वाटलं नाही. आम्हाला आज फोन करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

दक्षिणेतलं आणखी एक नाव सांगतो. मद्रासचे गुलाम कासिम. १८२८-२९ च्या सुमारास मद्रास आणि हैदराबाद यांच्यात पत्राने दोन डाव खेळले गेले. ते डाव आणि 'मुझिओ गॅम्बिट'ची चिकित्सा असं पुस्तक गुलाम कासिम आणि जेम्स कॉक्रेन यांनी मिळून १८२९ साली मद्रासला छापलं. हे कॉक्रेन निराळे बरं का, कलकत्त्याचे नव्हेत. मुझिओ गॅम्बिटमध्येही घोडा द्यायचा असतो. त्यातली एक चाल आजही गुलाम कासिमांच्या नावाने ओळखली जाते. म्हणजे बघा, नियम बदलताहेत हे कळल्यावर आपल्या लोकांनी निरनिराळ्या वाटा धरल्या. त्रिवेंगडाचार्यांनी आपलं ज्ञान नव्या नियमांत ओतलं. महेशचंद्रांनी नवे नियम घेतले, पण हात आपलाच ठेवला. आणि गुलाम कासिमांनी तर परक्याच्या सर्वांत धाडसी शस्त्राचा अभ्यास करून त्यात स्वतःची भर घातली.

या बदलाची किंमतही मोजावी लागली. मीर सुलतान खान देशी नियमांत वाढले, मोठेपणी नवे नियम शिकले, आणि १९२९, १९३२ व १९३३ अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा जिंकले. हेस्टिंग्जला त्यांनी कापाब्लांकाला हरवलं. पण त्यांची सुरुवात नेहमी कच्ची राहिली. पहिल्या दहा चालींत ते मागे पडायचे आणि पुढच्या चाळीस चालींत ते भरून काढायचे. सुरुवातीचं पाठांतर त्यांच्या बालपणात नव्हतंच. आपल्याकडे हे पाठांतर येईपर्यंत बराच काळ गेला. १९५५ साली पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली तेव्हा रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले, म्हणजे एक मराठी माणूस पहिल्याच यादीत आहे. परदेशी पुस्तकं मात्र तेव्हाही दुर्मीळच होती. कोणाकडे एखादं असलं तर ते वहीत उतरवून घ्यायचं.

आमच्याकडे ही चाल अशाच एका वहीतून आली. १९७२ साली रेक्याविकला फिशर आणि स्पास्की यांचा सामना झाला तेव्हा आम्ही एम. ए. करत होतो. वर्तमानपत्रांत डाव छापून येत आणि सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्याच्या ओसरीवर ते पुन्हा मांडले जात. मांडणारे होते वाड्यातलेच एक वडीलधारे. सगळा वाडा त्यांना अण्णा म्हणे. सरकारी कचेरीत कारकून, सायंकाळी घरी आले की चहा आणि पट. त्यांच्याकडे एक लांबट हिशेबाची वही होती. डाव्या बाजूला चाल लिहिलेली आणि पुढे दोन रकाने. एकाचा मथळा 'चाललं', दुसऱ्याचा 'खरं'.

आम्ही विचारलं, "अण्णा, हे दोन कशाला?"

ते म्हणाले, "अरे, समोरचा चुकला म्हणून जी चाल जिंकली ती 'चाललं'मध्ये. समोरचा चुकला नाही तरी जी टिकते ती 'खरं'मध्ये. दोन्ही एकच समजलास की संपलास."

कॉक्रेन गॅम्बिटपुढे 'चाललं'च्या रकान्यात उभ्या रेघा पुष्कळ होत्या. 'खरं'च्या रकान्यात एकच शब्द होता, 'नाही'.

आम्ही बावीस वर्षांचे. आम्हाला पहिला रकाना दिसला. वर्षभर आम्ही भेटेल त्याला घोडा देत सुटलो आणि बहुतेकांना हरवलंही. मग १९७३ ची एक आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आली. शेवटची फेरी. आमच्या संघाला फक्त बरोबरी हवी होती. आमच्या बाजूच्या पटावरचा मित्र अंगात ताप असताना तीन तास झुंजून हरणारा डाव जिंकून बसला होता. उरला आमचा एक पट. आम्ही बरोबरी केली की करंडक आमचा. आम्ही काय केलं असेल? घोडा दिला.

समोर बाहेरगावचा एक शांत मुलगा होता. तो गडबडला नाही. राजाने घोडा घेतला. मग प्यादं जी ६ वर, उंट जी ७ वर, हत्ती बाजूला, राजा जी ८ वर. पाच-सहा चालींत त्याचा राजा पुन्हा घरात आणि हाताने बांधलेला किल्लेकोट तयार. आमच्याकडे दोन प्यादी आणि हल्ला संपलेला. चाळिसाव्या चालीच्या आसपास आम्ही डाव सोडला. तापाने फणफणलेला मित्र काही बोलला नाही. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसला. तो आजही आमचा मित्र आहे, आणि त्याने तो डाव कधीही काढलेला नाही. त्याचंच जास्त लागतं.

घरी आल्यावर आम्ही अण्णांना मोठ्या आवेशात सांगितलं की बरोबरीसाठी खेळणं हा भेकडपणा झाला असता, आम्ही धैर्याने खेळलो. अण्णांनी सगळा डाव मांडून घेतला, शांतपणे बघितला आणि म्हणाले, "धैर्य कसलं रे? तुला चार तास कंटाळवाणा डाव खेळायची भीती वाटली, म्हणून घोडा फेकलास. भिऊन दिलेला घोडा आणि समजून दिलेला घोडा पटावर सारखाच दिसतो. फरक देणाऱ्याला ठाऊक असतो."

पुष्कळ वर्षांनी ध्यानात आलं की त्या मुलाने ज्या मांडणीने आम्हाला हरवलं, जी ६ वर प्यादं आणि कोपऱ्यात तिरका उंट, ती महेशचंद्रांची आवडती मांडणी. आजही या गॅम्बिटला दिलं जाणारं एक भरवशाचं उत्तर तेच आहे. आपल्या देशी, सावकाश खेळाच्या हाताने परक्याच्या झंझावाती चालीला दिलेलं उत्तर आम्ही स्वतःच्या अंगावर झेललं.

मग तत्त्वज्ञानाकडे येतो, नाहीतर पेन्शन परत मागतील. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. वाद, जल्प आणि वितंडा. सत्य शोधण्यासाठी, गुरुशिष्यांत किंवा समानशीलांत होतो तो वाद. जिंकण्यासाठी होतो तो जल्प. त्यात शब्दच्छल चालतो, फसवी उत्तरं चालतात. आणि स्वतःचा पक्षच न मांडता फक्त दुसऱ्याचं खोडत बसणं ही वितंडा. विद्यार्थी नेहमी विचारायचे, की मोक्षशास्त्रात या छलकपटाचं काय काम? न्यायसूत्रांनी त्याचं उत्तर दिलं आहे. कोवळ्या रोपाभोवती शेतकरी काटेरी फांद्यांचं कुंपण घालतो. काटे म्हणजे पीक नव्हे. पण काट्यांशिवाय रोप गुरं खातात. जल्प आणि वितंडा यांचं काम तेवढंच, हाती आलेलं सत्य राखणं.

आमच्या मते गॅम्बिट हा जल्प आहे. त्यात समोरच्याच्या वेळेवर, भीतीवर, अज्ञानावर भिस्त ठेवलेली असते. यंत्राशी खेळताना तो चालत नाही, कारण यंत्राला भीती नाही. यंत्र काय सांगतं? 'खरं'च्या रकान्यात काय लिहायचं ते सांगतं. अण्णांनी ते यंत्राशिवाय लिहून ठेवलं होतं. पण माणसं पटावर बसतात तोवर दुसरा रकाना राहणारच. १९९९ साली लिनारेसला टोपालोव्हने क्रॅमनिकसारख्या खेळाडूला हाच घोडा दिला, आणि डाव बरोबरीत सुटला. तो पेत्रोव्हचा सगळ्यांत जाणता खेळाडू, आणि त्यालाही एका अनोळखी रानात उतरावं लागलं. फिशरचं बघा. १९६० साली मार देल प्लाताला स्पास्कीने त्याला किंग्ज गॅम्बिटमध्ये हरवलं. फिशर चिडला, अभ्यासाला बसला आणि १९६१ साली त्याने लेख लिहून जाहीर केलं की हा गॅम्बिट निकालात निघाला. आणि पुढे १९६३ च्या अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धेत लॅरी एव्हन्सविरुद्ध तो स्वतःच किंग्ज गॅम्बिट खेळला, तिसऱ्या चालीला घोड्याऐवजी उंट काढून, आणि जिंकला. याला आम्ही ढोंग म्हणणार नाही. त्याने दोन्ही रकाने वेगळे ठेवले होते.

तेव्हा त्या अकरावीतल्या मुलाला आमचं उत्तर असं. इंजिन म्हणतं ते मान. चाल अपुरी आहे. पण ती शिक, कारण उघड्यावर आलेला राजा म्हणजे काय हे पुस्तकातल्या बिनचूक चालींनी कळत नाही. आधी ती काळ्या बाजूने शिक. घोडा घेऊन न घाबरता घर कसं बांधायचं, हे त्या बाहेरगावच्या मुलाने आम्हाला शिकवलं. आणि मग पांढऱ्या बाजूने जरूर खेळ, मात्र स्वतःचाच डाव असेल तेव्हा. तापात खेळणाऱ्या मित्राचा करंडक डावावर लावायचा अधिकार तुला नाही, आम्हालाही नव्हता. जिंकलास तर रात्री वहीत रेघ कोणत्या रकान्यात ओढायची, तेवढं बघ.

अण्णा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. वाडाही राहिला नाही, तिथे इमारत उभी आहे. त्यांच्या मुलाने ती वही आमच्याकडे आणून दिली. शेवटच्या पानांवर अक्षर थरथरलेलं आहे, पण कॉक्रेनपुढच्या रेघा वाढलेल्या आहेत. म्हणजे सत्तरी उलटल्यावरही ते ओसरीवर कोणाला ना कोणाला घोडा देत होते. 'खरं'च्या रकान्यातला 'नाही' मात्र त्यांनी खोडला नाही.

परवाच्या रविवारी ही वही आम्ही त्या मुलाला दाखवली. त्याने बराच वेळ चाळली, काही बोलला नाही. मग पट मांडला, पांढरी मोहरी स्वतःकडे घेतली. पहिल्या तीन चाली झटपट झाल्या. चौथ्या चालीला त्याने आमच्याकडे एकदा बघितलं आणि घोडा उचलून एफ ७ वर ठेवला.

आम्ही राजा पुढे करून तो घेतला. तिथे दुसरं काही करता येत नाही.